रागावू नका, विचारा

परभणी जिल्ह्यात गावोगावी 'उमेद'चे महिला बचत गट आहेत. सीआरपी ताई त्यांना पंचसूत्री शिकवतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. कंपन्यांतले कोच मात्र शिकवण्यापेक्षा विचारतात जास्त. जॉन व्हिटमोर यांनी १९९२च्या पुस्तकात चार प्रश्न मांडले: ध्येय काय, आज स्थिती काय, मार्ग कोणते, नेमकं काय करणार?

भगिनींनो, हे गटातही चालतं. हप्ता थकला म्हणून चारचौघीत सुनावलं, तर ती बहीण बैठकीलाच यायची टाळते. पैसाही अडकतो, माणूसही तुटतं. त्याऐवजी विचारा: अडलं कुठं? आज किती जमेल? बाकीचे कधी? वाट तिलाच काढू द्या. तिनं दिलेली तारीख वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत आठवणीनं विचारा. घरच्या मशवऱ्यातही हे करून पाहा.