पुढचा ब्रेक राहू द्या

गेल्या सत्रात आमच्या सायकलिंग क्लबच्या शेडमध्ये नववीचे दोन कॅडेट एका सायकलचे ब्रेक सोडवत बसलेले दिसले. काय चाललंय म्हणून विचारलं, तर एक जण ताठ उभा राहून म्हणाला, "सर, फिक्सी करतोय. फिक्सीला ब्रेक नसतात." त्याच्या आवाजातला रुबाब मी लगेच ओळखला. दीड वर्षापूर्वी तो माझ्याच आवाजात होता. मी दोघांना ब्रेक परत बसवायला लावले, पाने ताब्यात घेतले आणि निघून आलो. कारण सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ते आता या मराठी पानावर सांगतो, म्हणजे घरच्यांनाही वाचता येईल. असले उद्योग सुट्टीत घरीच होतात.

ज्यांना फिक्सी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. साध्या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. आपण पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि मागून ती ओळखीची टिकटिक ऐकू येते. फिक्सीला ही सोय नाही. मागचं दातेरी चक्र हबला पक्कं जोडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायही फिरणार. उतारावर पाय सोडून आराम नाही. वेग कमी करायचा तर फिरत्या पायडलवर पायांनी उलटा जोर द्यायचा. ज्याला चांगलं जमतं तो अंग पुढं टाकून मागच्या चाकावरचं वजन हलकं करतो, पाय जागच्या जागी आवळतो आणि चाक घसरवत थांबतो. बघायला झकास दिसतं, यात वाद नाही. खूळ नवंही नाही. जुन्या सायकली अशाच असत, फ्रीव्हील सर्रास आलं ते १९०० च्या आसपास.

मला हे वेड लावलं माझ्या मामेभावानं. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. मे महिन्यात तो साताऱ्याला आमच्याकडे राहायला आला. आमच्या पडवीत आजोबांची काळी सायकल उभी होती, रॉड ब्रेकची. आजोबा गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. दादा म्हणाला, हिची फिक्सी करू. मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर सगळं उतरवलं. फिक्सीचा खरा हब वेगळा असतो आणि महाग असतो. म्हणून आपल्याकडे बरेच जण करतात तो स्वस्तातला उपाय आम्हीही केला. फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून ते जाम करून टाकलं.

ज्यांनी हे काम करून दिलं ते सायकलवाले काका वयस्कर होते. पैसे घेताना म्हणाले, "फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतंय. पुढं पायडल मारलं की आवळत जातंय. तुम्ही उलटा जोर देणार, मग ते सुटणार. ह्याला मागनं लॉक नाही. ब्रेक तेवढं राहू द्या." दादा हसला. घरी आल्यावर आम्ही रॉड ब्रेकच्या सगळ्या सळ्या काढून एका पोत्यात भरल्या.

का काढल्या? खरं सांगायचं तर दिसायला सायकल सुटसुटीत झाली म्हणून. पण एवढंच असतं तर मी इथं लिहिलं नसतं. दादाच्या मित्रांत एक ठाम मत होतं. ज्याचा स्वतःच्या पायांवर भरवसा नाही तो ब्रेक लावतो. मिलिटरी स्कूलमधल्या पोराला हे वाक्य कुठं जाऊन लागतं ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही दिवसभर हिंमत हा शब्द ऐकतो. तो सायकलच्या हँडलवर इतक्या स्वस्तात मिळत असेल तर कोण सोडेल?

आणि पहिले दहा दिवस फार छान गेले, हेही प्रामाणिकपणे लिहितो. फिक्सीवर माणूस लांबचं बघायला शिकतो. पुढच्या चौकात काय होणार याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो, पाय एका लयीत चालतात. त्या सायकलला पुढं ४४ दाते आणि मागं १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत साधारण साडेपाच मीटर. ताशी ३० किलोमीटरला पाय मिनिटाला नव्वदच्या वर फिरतात. सुट्टीवरून परत आल्यावर क्रॉसकंट्रीला माझा दम वाढलेला होता. तेव्हा फिक्सी वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मी समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतरत होतो. वेग फार नव्हता, ताशी पंचवीस असेल. डावीकडच्या बोळातून एक आजोबा हातात पिशवी घेऊन बाहेर आले. त्यांनी एकदा उजवीकडं पाहिलं. मी दिसलो असेन, पण हा पोरगा थांबेल असंच त्यांना वाटलं असणार, कारण सायकली थांबतात. मी पायांवर सगळा जोर उलटा दिला. सायकलला एक हिसका बसला, आणि मग पायाखालचा जोर एकदम नाहीसा झाला. पायडल मागं फिरले, चाक पुढं जात राहिलं. दहा दिवस चढावर आवळत गेलेलं फ्रीव्हील त्या एका हिसक्यात सुटलं होतं. काका म्हणाले होते तसंच.

मी ओरडलो आणि हँडल भिंतीकडं वळवलं. तरी त्यांना धक्का लागला आणि ते हातावर पडले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. माझे दोन्ही गुडघे सोलले, बाकी काही नाही.

दवाखान्यात बाबा येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बाकावर बसून होतो. ते रागावले नाहीत. वेदनेनं चेहरा पांढरा पडलेला, तरी त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "बाळ, ब्रेक लागला नाही का तुझा?" मी म्हणालो, "ब्रेक नव्हता." त्यांना ते कळलंच नाही. तुटला होता का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी काढून टाकला होता हे मला त्यांना सांगता आलं नाही. ते बाबांनी सांगितलं.

सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. राहिलेल्या सुट्टीत मी रोज सकाळी त्यांच्याकडं दूध आणि वर्तमानपत्र पोचवायला जायचो. ते डाव्या हातानं चमच्यानं जेवायला शिकत होते. आजी पोळी कुस्करून द्यायच्या. मी गेलो की त्या चहा ठेवायच्या. तो चहा घेणं मला फार जड जायचं.

दादाचं म्हणणं असं की चूक फ्रीव्हीलची. खरा फिक्स्ड हब असता तर त्याला उलट्या आट्यांची लॉकरिंग असते आणि मागचं चक्र सुटत नाही. हे खरं आहे. आमचं काम कच्चं होतं. पण मी नंतर फिजिक्सच्या वहीत हिशोब मांडला आणि सरांकडून तपासून घेतला. सायकल थांबवायला लागलो की स्वाराचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं झालेलं चाक रस्ता पकडत नाही, घसरतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर नुसत्या मागच्या चाकानं जेवढं थांबता येतं त्याच्या साधारण दुप्पट पुढच्या ब्रेकनं थांबता येतं. ताशी २५ च्या वेगाला पुढचा ब्रेक नीट लावला तर ५ मीटर पुरतात, नुसत्या मागच्या चाकावर १० लागतात. भान यायला जाणारा सेकंद दोन्हीकडं सारखा, त्यात ७ मीटर आधीच गेलेले असतात. म्हणजे १२ आणि १७. पाय कितीही दमदार असले तरी ते मागच्याच चाकाला जोडलेले आहेत. खरा हब असता तरी त्या बोळापाशी मला १७ मीटर मिळाले नसते.

मग ट्रॅकवर ब्रेक का नसतात? हा प्रश्न मलाही पडला होता, त्या नववीच्या कॅडेटनंही तोच विचारला असता. दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक आहे. तिथं शर्यतीच्या सायकलला ब्रेक लावायला नियमानंच बंदी असते. कारण सगळे एकाच दिशेनं, एकमेकांच्या चाकाला चाक लावून जात असतात. एकानं कचकन ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर येतील. तिथं बोळ नाही, कुत्रं नाही, पिशवी घेतलेले आजोबा नाहीत. ट्रॅकचा नियम उचलून आपण तो साताऱ्याच्या उतारावर आणला, आणि त्याला शौर्य म्हणालो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनला अगदी असंच घडलं. अठरा वर्षांचा मुलगा ट्रॅकची फिक्सी घेऊन रस्त्यावर होता, पुढचा ब्रेक नाही. रस्ता ओलांडणाऱ्या ४४ वर्षांच्या बाईंवर तो आदळला. तो ओरडला होता. त्या दोन मुलांची आई होत्या, काही दिवसांनी त्या गेल्या. ब्रिटनमध्ये फिक्सीचं जाम चाक हे मागच्या ब्रेकच्या जागी धरतात, पण पुढच्या चाकाला ब्रेक लागतोच. हा नियम १९८३ पासूनचा आहे. त्या मुलाला तो माहीत नव्हता. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला, पण १८६१ सालच्या, घोडागाड्यांच्या जमान्यातल्या कायद्याखाली त्याला २०१७ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मी ती बातमी वाचली तेव्हा माझं वय तेवढंच होत आलं होतं. मी ओरडलो होतो हे मला आठवलं. ओरडणं म्हणजे ब्रेक नव्हे, आणि ऐकणाऱ्यानं कुठं उडी मारायची हे त्यानं एका सेकंदात ठरवायचं, हा कुठला न्याय?

मला टोचतं ते इथं. स्वतःच्या हाडांचा धोका पत्करायला माझी ना नव्हती. पण त्या आजोबांना कुणी विचारलं होतं? आमच्या उस्तादांनी रायफल हातात दिली त्या पहिल्याच दिवशी नळी कुणाकडं वळवायची नाही ते शिकवलं, आणि त्यात कुणाला भित्रेपणा वाटला नाही. सायकलच्या बाबतीत हेच डोकं कुठं जातं कुणास ठाऊक.

पण एकट्या फिक्सीवाल्यांना बोलून उपयोग नाही. साध्या सायकलवालेही पुढच्या ब्रेकशी असेच वागतात. लहानपणी प्रत्येकाला सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील. मग तो आयुष्यभर ढिलाच राहतो. शेडमधल्या सायकली मी मोजल्या. चौदापैकी नऊंचा पुढचा ब्रेक दाबून हँडलला टेकत होता. उलटतो तो घाबरून एकदम करकचून दाबणारा. अंग मागं सरकवायचं, हात ताठ करायचे आणि दाब हळूहळू वाढवत न्यायचा, मग सायकल उलटत नाही. ग्राउंडवर अर्धा तास सराव केला की हाताला कळतं. खडीवर, वाळूवर किंवा वळण घेताना पुढच्या ब्रेकला जपून हात लावायचा, तिथं मागचा बरा. पावसात जुन्या लोखंडी रिमवर कोणताच ब्रेक नीट लागत नाही, तेव्हा वेगच कमी ठेवायचा. हे सारं शिकवायला कुणी तरी हवं. शनिवारच्या इन्स्पेक्शनला रिम चमकते का ते पाहतात, ब्रेक दाबून कुणी पाहत नाही. ही तक्रार समजा किंवा सूचना, पण रिमवर फडकं मारण्याआधी ब्रेक तपासला जावा असं मला वाटतं. आमच्यातले काही जण उद्या खडकवासल्याला जातील. तिथं कॅडेट स्क्वाड करून सायकलवरून जातात. पुढचा थांबला की मागच्यालाही थांबावं लागतं.

आजोबांच्या सायकलचं वेल्डिंग केलेलं फ्रीव्हील मी फेकून दिलं. सायकलवाल्या काकांकडं नवं बसवलं, पोत्यातल्या सळ्या घेऊन गेलो आणि रॉड ब्रेक परत जोडून घेतले. काका काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या ब्रेकचे रबर स्वतः दोनदा दाबून पाहिले. त्या दुसऱ्या आजोबांचं मनगट बरं झालं आहे, पण थंडीत दुखतं, असं दिवाळीला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या.

नववीच्या त्या दोघांना फिक्सी करायचीच असेल तर करू. लॉकरिंगचा खरा हब मिळेपर्यंत थांबावं लागेल, तोवर पैसे साठवा. पाने माझ्याकडे आहेत. रविवारी गेम्सनंतर शेडमध्ये या, आणि येताना पुढच्या ब्रेकचे नवे रबर घेऊन या.