गल्लीतल्या दवाखान्याला विद्यार्थी द्या!

समाजकार्याच्या विद्यार्थ्याला मोठ्या इस्पितळात पाठवले की त्याला दुःखाचे दर्शन घडते, असा आपल्या महाविद्यालयांचा जुना समज आहे. दर्शन घडते, यात वाद नाही. पण कोणत्या घटकेला? घर जळून गेल्यावर राख मोजायला जो येतो, त्याने आग पाहिली असे आपण म्हणू काय?

इस्पितळात रोगी येतो तो बहुधा दागिने गहाण पडल्यावर. तिथे आमच्या विद्यार्थ्याच्या हाती पडतो अर्ज. महाराष्ट्रातील धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्यात, असा नियम आहे. नियम चांगला आहे. परंतु त्यापायी रेशनकार्ड पाहा, उत्पन्नाचा दाखला पाहा, ट्रस्टांना पत्रे लिहा, यातच विद्यार्थ्याचे आठवड्याचे दोन दिवस सरतात. माणूस पाहायचा राहूनच जातो.

हा वारसा जुना आहे. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात मेरी स्ट्युअर्ट या बाईंची नेमणूक झाली. फुकट उपचाराला कोण पात्र आणि कोण नाही, हे निवडणे हे त्यांचे पहिले काम! म्हणजे या व्यवसायाचा वैद्यकाशी संबंध जुळला तोच दारावरचा पहारेकरी म्हणून. पुढे १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी इस्पितळात समाजकार्य सुरू केले, ते रोग्याच्या घरची हकीकत कळल्याशिवाय निदान पुरे होत नाही म्हणून. आपल्याकडे १९३६ साली समाजकार्याचे पहिले विद्यालय मुंबईत निघाले, तेही नागपाड्याच्या भर वस्तीत. पण १९४६ साली वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला तो जे. जे. इस्पितळात. वस्तीतला दवाखाना तेव्हा राहिला, तो बव्हंशी आजतागायत राहिलाच आहे.

आता त्या दवाखान्यात या. बाहेर बाकावर पंधरा माणसे, आत एक डॉक्टर. चक्कर येते म्हणून महिन्यात तिसऱ्यांदा आलेली बाई दारू पिणाऱ्या नवऱ्यामुळे रात्रभर जागी असते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. शाळेची फी भरायच्या महिन्यात मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारा बापही त्यांना ठाऊक आहे. ठाऊक सगळे आहे. वेळ मात्र चार मिनिटांचा आहे. म्हणून ते पुन्हा गोळ्या लिहून देतात. इथे एक तास ऐकून घेणारा, घरी जाऊन येणारा, रेशन कचेरीत बरोबर चालणारा तरुण हवा. लंडनच्या केंटिश टाउन भागातील एका दवाखान्यात समाजकार्यकर्तीला डॉक्टरांच्या जोडीला बसवून हा प्रयोग झाला आणि १९७२ साली गोल्डबर्ग व नील यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. मुंबई महापालिकेने २०२२ साली 'आपला दवाखाना' काढला. अशा ठिकाणी विद्यार्थी पाठवायला कोणाची आडकाठी आहे?

डॉक्टर म्हणतील, जागा नाही. कंपाउंडरशेजारी एक स्टूल मावते. ते म्हणतील, रोग्याचे गुपित फुटेल. हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून आधी रोग्याला विचारा. तो 'नको' म्हणाला तर विषय तिथेच संपला. आणि जे कानी पडले ते डॉक्टरांइतकेच विद्यार्थ्यानेही पोटात ठेवले पाहिजे. महाविद्यालय विचारील, देखरेख कोण करणार? अहो, तुम्हीच! डॉक्टर समाजकार्य शिकवू शकत नाही. दर आठवड्याला प्राध्यापकांनी त्या बाकावर येऊन बसावे. नाही तर फुकटचा कारकून मिळाला म्हणून विद्यार्थ्याकडून नंबर लावून घेतले जातील, आणि वर अनुभवाचा दाखलाही दिला जाईल.

पण सर्वांत मोठा आक्षेप कोणीच घेत नाही, तो मीच घेतो. परीक्षा जवळ आली की विद्यार्थी जातो. जिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाजवळ मन मोकळे केले, ती बाई पुढच्या सोमवारी येते आणि स्टूल रिकामे असते. विद्यार्थ्याला गुण मिळाले. तिला काय मिळाले? आणखी एक माणूस सोडून गेला, एवढेच. तेव्हा करार विद्यार्थ्याचा नको, महाविद्यालयाचा हवा. एक दवाखाना पत्करला की तो वर्षानुवर्षे सांभाळावा, जाणाऱ्याने येणाऱ्याची रोग्याशी गाठ घालून द्यावी, आणि सुटीत प्राध्यापकांनी स्वतः त्या स्टुलावर बसावे.

हे जमणार नसेल तर विद्यार्थी पाठवू नका. गरिबाचे दुःख म्हणजे कोणाच्या प्रात्यक्षिकाची वही नव्हे.