ताप उतरला; हिवताप गेला का?

विसरवाडी (जि. नंदुरबार) : सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी परिसरातील आदिवासी मजूर ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. हिवतापावरील औषधाचा गुण तपासण्यातील खरी अडचण या स्थलांतरातच आहे.

गुंतागुंत नसलेल्या हिवतापात ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. मात्र रक्तातील परजीवी उरू शकतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार रुग्णाचे रक्त किमान २८ दिवस ठरावीक अंतराने तपासले जाते. परजीवी पुन्हा आढळल्यास ते जुनेच की नव्या डासदंशाचे, हे जनुकीय चाचणीने ठरते. अपयशाचे प्रमाण १० टक्क्यांवर गेल्यास औषध बदलणे अपेक्षित असते.

भारतात क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम हिवताप १९७३ मध्ये आसामात आढळला. त्यावर देशभर आर्टिमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार लागू होण्यास २०१० उजाडले. ईशान्येत २०१३ मध्ये तेही संयुग बदलावे लागले.

व्हायव्हॅक्स हिवतापात क्लोरोक्विन तीन दिवस, तर यकृतात दडलेल्या परजीवींसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ताप उतरताच मजूर गाव सोडून गेला, तर गोळ्या अर्धवट राहण्याचा धोका असतो. पुढे गुजरातेत ताप उलटल्यास तेथे नवा रुग्ण नोंदला जाऊ शकतो आणि येथील नोंदवहीत तो बराच राहतो. अशा वेळी दोष औषधाचा की अपुऱ्या उपचाराचा, हे कळणार कसे?

रुग्णासोबत उपचारपत्रिका देणे आणि दोन्ही राज्यांनी नोंदींची देवाणघेवाण करणे, हाच यावरील व्यवहार्य मार्ग आहे.