दोष त्यांचा, बिल आपलं का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कोडमध्ये बग निघाला तर दुरुस्तीचं बिल आम्ही ग्राहकाला लावत नाही. मग गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुळातच दोष असेल तर खर्च मालकाने का सोसायचा? माझ्या गाडीचा एकच सेन्सर वर्षात दोनदा गेला. सात रस्त्यावर मित्र म्हणाले, “जाऊ दे, कोर्टाची पायरी कोण चढणार!” मी कंपनीला लेखी मागणी केली. दुसऱ्या बिलाचे पैसे परत आले.

ती पायरी आता तितकी उंच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष मालाची भरपाई उत्पादकाकडे मागता येते. कंपनी कुठलीही असो, तक्रार आपल्या सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. गाडी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर बोला.

पण तोंडी वाद टिकत नाही. फॉल्ट कोड जॉब कार्डवर लिहून घ्या, पक्कं बिल घ्या, काढलेला पार्ट मागून घ्या.

हक्काचे पैसे मागणं म्हणजे भांडण नव्हे. आपण गप्प बसलो, तर तोच पार्ट उद्या दुसऱ्याच्या गाडीत बसतो.