घरी आणखी कोण आहे?

गेल्या आषाढातील एका संध्याकाळी दवाखान्याची वेळ संपत आली असताना एक निवृत्त शिक्षक आले. वय 76. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहतात. मुलगी बंगळूरला असते. वीस वर्षांपासूनचे माझे रुग्ण. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. तीन पायऱ्या चढून आले, तरी दोन मिनिटे त्यांना बोलता येईना. दोन्ही पाय सुजलेले. नडगीवर बोट दाबले की खळगा पडत होता. रात्री झोपताना तीन उशा लागतात आणि मध्येच दचकून उठून बसावे लागते, असे त्यांनी सांगितले. वजनकाट्यावर उभे केले, तर आठवड्यात साडेतीन किलो वाढ. हे अंगावर चढलेले मांस नव्हते. थकलेल्या हृदयाला उपसता न आलेले पाणी होते.

“गुरुजी, आज रात्रीच दाखल व्हावे लागेल,” मी म्हणाले.

“बाई, गोळी वाढवून द्या. दाखल होणे जमणार नाही.”

“पैशांची अडचण आहे का?”

“छे. पेन्शन आहे, विमा आहे.” ते थोडे थांबले. “मिरीला कोण बघणार?”

मिरी म्हणजे त्यांची कुत्री. चिवावा आणि टेरियर यांच्या संकरातून जन्मलेली, जेमतेम चार किलोंची. मुलीने पाळलेली, बदली झाली तेव्हा वडिलांकडे राहिली ती राहिलीच. मी त्यांना रागावले. कुत्र्यापायी स्वतःचा जीव धोक्यात घालता काय, असे काहीसे बोलले. गुरुजी शांतपणे म्हणाले, “मी गेलो की उद्या सकाळी दार उघडायला कोणी नाही. एवढासा जीव तो. किती दिवस निघणार?”

मी त्यांच्या फाइलकडे पाहिले. रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, पत्नीचे नाव, मुलीचा दूरध्वनी क्रमांक, सारे काही होते. मिरीचा उल्लेख कोठेही नव्हता. सूज येऊन पाच दिवस झाले होते आणि ते पाच दिवस गुरुजी केवळ या एका प्रश्नामुळे माझ्याकडे आले नव्हते. प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता, मग उत्तर कोठून मिळणार?

अखेर तोडगा निघाला. गुरुजी रुग्णालयात गेले आणि आमच्या कंपाउंडरने मिरीला बाजाराच्या पिशवीत घालून माझ्या घरी आणले. सात रात्री ती आमच्याकडे राहिली. मी माणसांची डॉक्टर, पशुवैद्य नव्हे. परंतु त्या सात दिवसांत आणि पुढे आमच्या पशुवैद्य मित्रांशी झालेल्या बोलण्यात जे शिकले, ते ज्येष्ठांच्या आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडते.

प्रथम या प्राण्याची ओळख. चिवावा हे नाव मेक्सिकोतील त्याच नावाच्या राज्यावरून आले आहे. जगातील सर्वांत लहान जातींपैकी ही एक. शुद्ध जातीच्या कुत्र्याचे वजन सहसा तीन किलोंच्या आतच असते. टेरियर हा शब्द लॅटिनमधील ‘जमीन’ या अर्थाच्या शब्दाशी नाते सांगतो. बिळात शिरून उंदीर-घुशी, कोल्हे बाहेर काढण्यासाठी हे कुत्रे जोपासले गेले. या दोहोंचा संकर म्हणजे एका माणसाला चिकटून राहणारा, परक्यावर भुंकणारा आणि उंदीर दिसला की सारे विसरून धावणारा जीव. अर्थात संकरात कोणाचे काय उतरेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून लहान चण पाहून ‘हे खेळणे आजोबांना चालेल’ असे ठरवू नये.

पहिल्याच रात्री मिरीने माझ्या तर्जनीला दात लावले. चूक माझी होती. ती खात असताना मी वरून हात नेला. एवढ्याशा प्राण्याला वरून येणारा हात झडप घातल्यासारखा वाटतो; शेजारी बसून, खालून आणि समोरून हात पुढे करावा. रक्ताचा थेंब आला होता. मिरीचे वार्षिक लसीकरण झालेले होते, तरी मी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि सकाळी रेबीजची लस घेतली. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेले असल्यामुळे मला 0 आणि 3 या दिवशी मिळून दोनच मात्रा पुरल्या. ज्यांनी पूर्वी लस घेतलेली नाही, त्यांना स्नायूत दिल्या जाणाऱ्या पद्धतीत 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी पाच मात्रा लागतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. घरचाच कुत्रा आहे, ओरखडाच तर आहे, असे म्हणून थांबू नये. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते आणि वेळेवर घेतलेली लस मात्र तो टाळते. वैद्यकातील इतका स्वच्छ हिशेब क्वचितच आढळतो.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची त्वचा कागदासारखी पातळ होते. मांडीवर उडी मारणाऱ्या कुत्र्याच्या नखाने तिच्यावर लांब चीर जाते. नखे वेळेवर कापून घ्यावीत आणि मांडीवर जाडसर पंचा ठेवावा. ज्यांची प्लीहा काढलेली आहे किंवा ज्यांना केमोथेरपी चालू आहे, त्यांनी जखम चाटू देऊ नये आणि साध्या चाव्यासाठीही त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दुसरा धोका पडण्याचा. मोठा कुत्रा ओढून पाडतो, लहान कुत्रा पायात येऊन पाडतो. तो दिसतच नाही! उतारवयात एकदा खुबा मोडला की पुढचे वर्ष अंथरुणाशी झगडण्यात जाते. म्हणून कुत्र्याच्या पट्ट्याला लहानशी घंटी बांधावी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा असावा. पाण्याचे भांडे चालण्याच्या वाटेवर न ठेवता भिंतीच्या कोपऱ्यात, खाली खरखरीत पायपुसणे घालून ठेवावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना चक्कर येते. म्हणून कुत्र्याला उभ्याने वाकून उचलण्याऐवजी खुर्चीत बसून त्याला वर येऊ द्यावे. फिरायला नेताना दोरी मनगटाला गुंडाळू नये.

आता त्याच्या बाजूने पाहू. या लहान जातींची श्वासनळी नाजूक असते. गळ्यातील पट्ट्याला हिसके बसले तर कोरडा खोकला जडतो. छातीभोवती बसणारा पट्टा बरा. गुडघ्याची वाटी सरकण्याची खोड असते, म्हणून पलंगावरून उड्या मारू न देता एखादी बुटकी पायरी ठेवावी. इवल्याशा जबड्यात दातांची दाटी होते आणि हिरड्या लवकर बिघडतात. थंडी फार सोसत नाही. पावसात भिजले तर पुसून कोरडे करावे. टेरियरचे रक्त असल्याने उंदरामागे धावणारच. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही. त्याची लस कुत्र्याला दर वर्षी द्यावी आणि साचलेल्या पाण्यात त्याला जाऊ देऊ नये.

ज्येष्ठांच्या घरात सर्वांत मोठा धोका असतो जमिनीवर पडलेल्या गोळीचा. थरथरत्या हातातून गोळी निसटते, आपण दुसरी घेतो आणि पहिली कोठे गेली ते विसरतो. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची एखादी गोळीही चार किलोंच्या प्राण्याला घातक ठरू शकते. गोळ्या ताटलीवर काढून घ्याव्यात आणि पडलेली गोळी सापडेपर्यंत कुत्र्याला खोलीबाहेर ठेवावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट त्याला वर्ज्य. म्हणजे कांदेपोहे नाहीत आणि मनुका घातलेला प्रसादाचा शिराही नाही. मधुमेहींसाठीच्या काही साखरविरहित पदार्थांत झायलिटॉल असते. ते कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. प्रेमाने भरवलेली अख्खी पोळी म्हणजे त्याच्या दिवसभराच्या अन्नाचा साधारण तिसरा हिस्सा, हेही ध्यानात असू द्यावे.

इतके धोके वाचून कोणी विचारील, मग कुत्रा हवाच कशाला? 2013 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने यावरील संशोधनाचा आढावा घेतला होता. पाळीव प्राणी, विशेषतः कुत्रा, सांभाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होण्यास हातभार लागू शकतो; परंतु केवळ त्या हेतूने प्राणी घरी आणू नये, असा त्याचा सारांश. मला हा निष्कर्ष पटतो. कुत्रा हे औषध नव्हे, ती जबाबदारी आहे. मात्र पहाटे साडेपाचला कोणीतरी दाराशी उभे राहून आपली वाट पाहते, ही जबाबदारी कित्येकांना अंथरुणातून उठवते, हेही मी पाहिले आहे. गुरुजी पत्नीमागे खचले नाहीत, यात माझ्या गोळ्यांचा वाटा किती आणि मिरीचा किती, हे मला सांगता येणार नाही.

आठव्या दिवशी गुरुजी घरी आले. आम्ही दोघांनी बसून एक कागद तयार केला आणि फ्रिजवर चिकटवला. मिरी काय खाते, किती खाते, लसी कधी झाल्या, पशुवैद्यांचा क्रमांक कोणता, किल्ली कोणाकडे, रात्री-अपरात्री कोणाला बोलवावे. किल्ली शेजारच्या महाविद्यालयीन मुलीकडे दिली. ती आता आठवड्यातून दोनदा येते, म्हणजे मिरीला ती परकी राहणार नाही. शेवटची ओळ गुरुजींनी स्वतः लिहिली: “माझ्या पश्चात मिरी माझ्या मुलीकडे.” अशी लहान कुत्री पंधरा-सोळा वर्षेही जगतात. मिरी सहा वर्षांची आहे आणि गुरुजींचे हृदय पूर्ववत होणारे नाही. मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, “बाई, मी गणितच शिकवत होतो. एवढी वजाबाकी मला येते.”

वाचकहो, आपल्या घरी असा जीव असेल तर हा कागद आजच करा. आईवडील दूर एकटे राहत असतील तर त्यांच्या फ्रिजवर तो आहे का ते पाहा. आपल्या डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन त्यांना सांगा. मी माझ्या फाइलींत आता एक रकाना वाढवला आहे: ‘घरी आणखी कोण आहे?’

हृदयाच्या रुग्णाने रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि न्याहारीपूर्वी, वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. गुरुजींनाही हे सांगितले होते. गेल्या महिन्यात त्यांनी आपली वही दाखवली, तर तिच्यात दोन रकाने. एक त्यांचा, दुसरा मिरीचा. तिला कडेवर घेऊन खुर्चीत बसायचे, सावकाश उठून भिंतीला धरून काट्यावर उभे राहायचे आणि मग स्वतःचे वजन वजा करायचे. मिरी दोनशे ग्रॅमने वाढली होती. चार किलोंच्या जिवाला दोनशे ग्रॅम म्हणजे साठ किलोंच्या माणसाला तीन किलो.

“तिची पोळी कमी केली आहे,” गुरुजी म्हणाले, “आणि माझे मीठ.”