वाचनाच्या तासाला अशुद्ध कोण?

मीरा-भाईंदर महापालिकेच्या शाळांतील बहुतेक मुले कष्टकऱ्यांची. तेथे छात्राध्यापक सराव पाठाला उभा राहतो तेव्हा हाती पाठटाचण, मागच्या बाकावर निरीक्षक! मराठवाड्यातून आलेल्या मजुराचे पोर 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचते. वाचले ते बरोबरच. पण 'अशुद्ध' म्हणून दटावले की पोराचे तोंड मिटते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्रशिक्षित शिक्षक मागितले. तेही शक्यतो शेतकरी वर्गातले, मुलांत मिसळणारे, वेळप्रसंगी नांगर धरायला न लाजणारे.

छात्राध्यापक बंधू-भगिनींनो, पोराला त्याच्या बोलीत गोष्ट सांगू द्या. तीच फळ्यावर लिहा, त्याच्याकडूनच वाचून घ्या. 'न'चा 'ण' पुढे होईल. निरीक्षकाने गुण कापले तर कापू द्या.