अळी मारण्याआधी तिचे पाय मोजा

गणपतीच्या सुट्टीत मी आईबरोबर पुण्याला मामांकडे गेले होते. मामा शनिवार पेठेत जुन्या वाड्यात राहतात. तिथून शनिवारवाडा जवळ आहे आणि नदीकडे गेलं की ओंकारेश्वराचं देऊळ. परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, गणपती किती बघितलेस? पुष्कळ बघितले. पण मला लिहायचं आहे ते एका अळीविषयी. हसू नका.

वाड्याच्या मागच्या चौकात पेरूचं झाड आहे. पेरू काढताना मी एक वाळकी काडी बाजूला सारायला गेले, तर काडीच वळवळली! ती अळी होती. मागच्या पायांनी फांदी धरून, अंग ताठ करून तिरपी उभी होती. रंग हुबेहूब सालीचा. थोड्या वेळाने ती चालू लागली. पुढचे पाय टेकायची, मागचे पाय ओढून त्यांच्याजवळ आणायची, मध्ये पाठीची कमान व्हायची. आपण वितीने बाक मोजतो ना, तसं.

मामी म्हणाली, "अगबाई, उंटअळी! थांब, गरम पाणी आणते." पण वरच्या मजल्यावर एक काका राहतात, ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ते जिन्यातूनच ओरडले, "आधी तिचे पाय मोजू द्या पोरीला!"

मी मोजले. छातीजवळ बारीक पायांच्या तीन जोड्या, त्या सगळ्याच अळ्यांना असतात. पोटाला मात्र मऊ पायांच्या दोनच जोड्या, त्याही अगदी शेवटी. मधलं पोट मोकळं. म्हणून तिला सरळ सरपटता येत नाही, कमान करावी लागते. साध्या अळीला पोटाखाली अशा पाच जोड्या असतात. आणि आपल्या सोयाबीनवर जी हिरवी उंटअळी येते, तिला तीन. म्हणजे दोघींना आपण उंटअळी म्हणतो, पण त्यांची घराणी वेगळी. पेरूवरची अळी जिओमेट्रिडी कुळातली. या शब्दाचा अर्थ जमीन मोजणारी! मोजणीदारच म्हणा. या कुळात जगभर सुमारे 23,000 जाती आहेत.

काकांनी तिचं नाव सांगितलं, हायपोसिड्रा टलाका. 1860 साली फ्रान्सिस वॉकर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने तिचं वर्णन पहिल्यांदा छापलं. मादी पतंग झाडाच्या सालीच्या भेगांत शेकड्यांनी अंडी घालते. त्यातून काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या, सुतासारख्या बारीक अळ्या निघतात. त्या तोंडातून रेशमाचा धागा सोडून लोंबकळतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जातात. पाने खात, कात टाकत मोठ्या होतात, मग रंग काडीसारखा होतो. शेवटी जमिनीत उतरून कोष करतात.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ती अळी मी बाटलीत घालून एस.टी.ने गावाकडे आणली (कंडक्टरने विचारलं, हिचं अर्धं तिकीट काढू का!). वर्गात बाटलीत ओली माती घातली, रोज पेरूचा पाला. चौथ्या दिवशी ती मातीत शिरली. मुलं म्हणाली, मेली. बाईंनी बाटली कपाटावर ठेवून दिली आणि नवव्या दिवशी सकाळी कापडाला आतून पतंग चिकटलेला! तपकिरी पंख पसरून सपाट बसला होता. पुढच्या पंखाचं टोक आकडीसारखं वाकलेलं, त्याखाली खाच, जणू वाळकं पान कुणी कुरतडलं आहे. नर लहान असतो, मादी मोठी. आपली बहुतेक मादीच होती. संध्याकाळी तिला चिंचेवर सोडलं.

आता माझं मत. कुणी म्हणेल, ही मुलगी अळ्यांची कैवारी झाली. तसं नाही. हीच जात उत्तर बंगाल आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत पाने फस्त करते, तिथे ती मोठी कीड आहे. पण मामांच्या पेरूवर तिने चार पाने खाल्ली तर कुणाचं काय बिघडलं? तीच अळी एका जागी कीड आणि दुसऱ्या जागी दयाळाच्या पिलांचा घास. म्हणून नुसतं नाव ऐकून मारायला धावू नये. कोण आहे, कुठे आहे आणि किती आहे, ते बघावं.

हे मी उगाच लिहीत नाही. गेल्या वर्षी सोयाबीनवर उंटअळी दिसली म्हणून आमच्या आबांनी उधारीवर औषध आणून भर उन्हात फवारलं. तोंडाला रुमालसुद्धा नव्हता. रात्री त्यांना वांत्या झाल्या, आई रात्रभर उशाशी बसून होती. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. हे वाचल्यापासून मला त्या बाटलीची भीती वाटते.

यंदाही आबांनी बाटली आणून ठेवली होती. मी म्हटलं, "आबा, आधी मोजू या." ते म्हणाले, "अळ्या का मेंढरं आहेत मोजायला?" पण आले. रीत सोपी आहे. दोन ओळींमध्ये पोतं अंथरायचं, मीटरभर ओळीतली झाडं त्यावर हलवायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या. फुलं येताना मीटरला 4 आणि शेंगा भरताना 3 अळ्या निघाल्या तरच औषधाचा विचार करायचा, असं कृषी खात्याचे लोक सांगतात. आम्ही पाच ठिकाणी मोजल्या. 1, 0, 2, 1, 0. एक तर दोन जोड्यांची निघाली, बहुधा बांधावरच्या बोरीवरून आलेली.

आबा बराच वेळ पोत्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठ दिवसांनी परत मोजू." पक्ष्यांना बसायला त्यांनी शेतात काठ्यांचे थांबे रोवले. बाटली अजून माळ्यावर आहे, बूच न उघडलेली.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आणि सातवीच्या तिघी मोजायला जातो. पालकांपैकी ज्यांना आपल्या शेतात मोजून हवं असेल त्यांनी बाईंना सांगावं. मीटरपट्टी शाळेची, पोतं मात्र तुमचं आणा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी